तिजोरीत पैसा, कार्यालयाला टाळे

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकापाशी एक विलक्षण प्रसंग घडला. मिसिसिपी राज्यातून आलेले वृद्ध माजी सैनिक, त्यांपैकी अनेक जण चाकांच्या खुर्चीत बसलेले, स्मारकासमोर पोहोचले तेव्हा त्यांच्या वाटेत लोखंडी अडथळे उभे होते. वास्तविक हे स्मारक उघड्यावर आहे. त्याला तिकीट नाही आणि बंद करावे असे दारही नाही. परंतु त्याची देखभाल करणाऱ्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा खर्च करण्याचा कायदेशीर अधिकार त्या मध्यरात्री संपुष्टात आला होता. अखेर अडथळे बाजूला सारले गेले व सैनिक आत गेले. देशभरातील ४०१ राष्ट्रीय उद्याने व स्थळे मात्र पुढे बंदच राहिली.

त्या दिवशी अमेरिकेची तिजोरी रिकामी झालेली नव्हती. कर नेहमीप्रमाणे जमा होत होते, सरकारी रोख्यांना ग्राहक होते आणि सरकार कोणाही देणेकऱ्याला नकार देत नव्हते. तरीही सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांना बिनपगारी सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले. वृत्तपत्रांतून 'शटडाउन' या नावाने ओळखली जाणारी ही शासकीय कामबंदी म्हणजे दिवाळखोरी नव्हे आणि संपही नव्हे. खर्चाला विधिमंडळाची संमती नसताना एक पैसाही काढता येणार नाही, या लोकशाहीच्या मूलभूत तत्त्वाचा तो एक परिणाम आहे. हे तत्त्व भारताच्या संविधानातही आहे. मग असे प्रसंग अमेरिकेत वारंवार का घडतात आणि भारतात का घडत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही देशांच्या शासनपद्धतींतील फरकात सापडते.

संविधानातील एक वाक्य आणि १८७० चा कायदा

अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील नवव्या कलमात अशी तरतूद आहे की, कायद्याने केलेल्या विनियोजनाखेरीज कोषागारातून कोणतीही रक्कम काढता येणार नाही. राजाच्या हाती असलेली थैली लोकप्रतिनिधींच्या हाती यावी यासाठी इंग्लंडमध्ये झालेल्या दीर्घ संघर्षाचा हा वारसा होय. परंतु केवळ या तरतुदीने भागले नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील खाती वर्षाची रक्कम काही महिन्यांतच खर्च करून टाकीत, पुढचे करार करून मोकळी होत आणि मग काँग्रेसपुढे, म्हणजे तेथील संसदेपुढे, हात पसरीत. माल घेतला गेला आहे, मजुरांनी काम केले आहे. आता पैसे नाकारणार कसे, अशा पेचात लोकप्रतिनिधी सापडत. हा प्रकार थांबविण्यासाठी १८७० मध्ये तूटविरोधी कायदा करण्यात आला आणि पुढे १८८४, १९०५ व १९०६ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. विनियोजन नसताना सरकारच्या नावे देणे निर्माण करणे आणि जीवित किंवा मालमत्तेच्या रक्षणाचा प्रसंग वगळता कोणाकडूनही विनामूल्य सेवा स्वीकारणे या कायद्याने निषिद्ध ठरविले. कायदा जाणूनबुजून मोडणाऱ्या अधिकाऱ्यास दंड व कारावासाची शिक्षाही होऊ शकते.

विनामूल्य सेवा न स्वीकारण्याची ही अट वाचताना थोडी चमत्कारिक वाटते. सरकारसाठी कोणी फुकट राबण्यास तयार असेल तर त्यात गैर काय? त्यामागील हेतू असा की, आज फुकट राबणारा उद्या मोबदल्याची मागणी घेऊन येईल आणि काँग्रेसला ती नैतिकदृष्ट्या नाकारता येणार नाही. याच अटीमुळे कामबंदीच्या काळात एखाद्या कर्मचाऱ्याने स्वखुशीने कार्यालयात येऊन काम करावे म्हटले तरी त्याला परवानगी मिळत नाही.

तरीसुद्धा १९८० पर्यंत शटडाउन हा प्रकार आजच्या अर्थाने अस्तित्वात नव्हता. विनियोजनाला विलंब झाला की खाती प्रवास, नवी खरेदी, नवी भरती थांबवीत आणि संमती येणारच आहे असे गृहीत धरून दैनंदिन काम चालू ठेवीत. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीत महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एप्रिल १९८० मध्ये दिलेल्या अभिप्रायाने ही सोय संपुष्टात आली. कायद्याचा शब्दशः अर्थ घेतल्यास विनियोजन नसताना खात्याने आपले काम आवरते घेण्यापलीकडे काहीही करता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. १ मे १९८० रोजी संघीय व्यापार आयोग एक दिवस बंद राहिला. या अभिप्रायानुसार बंद पडलेली ती पहिली संस्था. जानेवारी १९८१ मध्ये सिव्हिलेटी यांनी दुसरा अभिप्राय देऊन जीवित व मालमत्तेच्या रक्षणाशी वाजवी संबंध असलेली कामे चालू ठेवता येतील असा खुलासा केला. विमान वाहतूक नियंत्रक, तुरुंगरक्षक, सीमारक्षक कामावर का राहतात आणि ग्रंथपाल, संशोधक, परवाना अधिकारी घरी का जातात, याचे मूळ या दोन अभिप्रायांत आहे. संविधानात बदल झाला नाही, नवा कायदाही झाला नाही. एका विधी अधिकाऱ्याने केलेल्या अर्थनिर्णयाने सारी प्रथा पालटली, ही बाब प्रशासनाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

संमती अडते कोठे?

अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. १९७४ च्या अर्थसंकल्पविषयक कायद्यापूर्वी ते १ जुलैला सुरू होत असे. काँग्रेसला विचारासाठी अधिक अवधी मिळावा म्हणून ते तीन महिन्यांनी पुढे नेण्यात आले. या अवधीचा लाभ फारसा झालेला नाही. संघीय खर्चाची नियमित विनियोजन विधेयके बारा असतात. ती प्रतिनिधिगृह व सिनेट या दोन्ही सभागृहांत एकाच स्वरूपात मंजूर होऊन त्यांवर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी व्हावी लागते. ही सर्व विधेयके मुदतीत मंजूर झाल्याची उदाहरणे १९७७ पासूनच्या जवळपास अर्धशतकात केवळ चार आहेत : आर्थिक वर्षे १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. एरवी काही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठी आधीच्या दराने खर्च चालू ठेवणारा तात्पुरता ठराव संमत करून वेळ मारून नेली जाते. हा तात्पुरता ठरावदेखील अडला म्हणजे शटडाउन अटळ ठरतो.

तो अडविण्याची ठिकाणे तीन आहेत. दोन्ही सभागृहांत भिन्न पक्षांचे बहुमत असू शकते. राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात. आणि सिनेटच्या कार्यपद्धतीनुसार बहुतेक विधेयकांवरील चर्चा संपविण्यासाठी १०० पैकी ६० सदस्यांची संमती लागते. या तिसऱ्या कारणामुळेच २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहांतील बहुमत एकाच पक्षाकडे असूनही कामबंदी टळली नाही.

वाद प्रत्यक्षात खर्चाच्या आकड्यावर असतोच असे नाही. १९९५-९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांच्यात तूट कमी करण्याच्या योजनेवरून संघर्ष झाला आणि आधी पाच व नंतर २१ दिवस कामकाज अंशतः बंद राहिले. २०१३ मध्ये आरोग्य विमा कायद्याला विरोध हे १६ दिवसांच्या बंदीचे कारण ठरले. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ या ३५ दिवसांच्या बंदीच्या मुळाशी मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी केलेली ५.७ अब्ज डॉलरची मागणी होती. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ अशी ४३ दिवस चाललेली, तोपर्यंतची सर्वांत दीर्घ बंदी आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरील वाढीव करसवलती चालू ठेवण्याच्या प्रश्नावरून उद्भवली. संपूर्ण सरकार अडवून धरण्याची शक्यता असल्यामुळेच अशा वादांना ते बळ प्राप्त होते.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. कर्जमर्यादेचा पेच आणि शटडाउन हे दोन निरनिराळे प्रकार आहेत. शटडाउनमध्ये नवा खर्च करण्याचा अधिकार नसतो. कर्जमर्यादेच्या पेचात खर्चाचा अधिकार असतो, पण त्यासाठी कर्ज उभारण्याचा नसतो. पहिल्याने कार्यालये बंद पडतात. दुसऱ्याने सरकार देणी चुकविण्यास असमर्थ ठरण्याचा धोका निर्माण होतो.

कोण घरी, कोण कामावर

संघीय खर्चापैकी सुमारे एक चतुर्थांश भागच दरवर्षीच्या विनियोजनावर अवलंबून असतो. वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन, ज्येष्ठांचा आरोग्य विमा आणि कर्जावरील व्याज यांना स्थायी कायद्यांचा आधार असल्याने ते चालूच राहतात. टपाल सेवा स्वतःच्या उत्पन्नावर चालते. काँग्रेसच्या सदस्यांचे वेतनही स्थायी विनियोजनातून दिले जाते. म्हणजे ज्यांच्या मतभेदामुळे कार्यालये बंद होतात त्यांचा पगार अडत नाही. काही सदस्य अशा काळात वेतन नाकारतात किंवा दान करतात. पण तो त्यांच्या इच्छेचा भाग झाला.

उरलेल्या एक चतुर्थांशात देशाचा दैनंदिन कारभार सामावलेला आहे. कामबंदी सुरू होताच त्यातील कर्मचाऱ्यांचे दोन गट पडतात. एका गटाला काम नाही आणि पगारही नाही. दुसऱ्या गटाला काम आहे, हजेरी सक्तीची आहे, पण पगार मात्र बंदी उठल्यावर. २०१८-१९ मध्ये बारांपैकी पाच विधेयके आधीच मंजूर झाली असल्याने संरक्षण, आरोग्य, शिक्षण ही खाती वाचली. तरीही सुमारे आठ लाख कर्मचारी अडकले व त्यांपैकी निम्म्याहून अधिक बिनपगारी काम करीत होते. तटरक्षक दल गृहसुरक्षा खात्याच्या अखत्यारीत येत असल्याने त्याच्या जवानांचाही पगार हुकला.

त्या वर्षी जानेवारीत अनेक शहरांतून सरकारी कर्मचारी अन्नवाटप केंद्रांपुढे रांगा लावून उभे असल्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. अमेरिकेसारख्या संपन्न देशात महिन्याभराच्या पगाराअभावी अशी वेळ यावी याचे अनेकांना नवल वाटले. परंतु तेथील मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्ये केलेल्या कुटुंबांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के प्रौढांना ४०० डॉलरचा अनपेक्षित खर्च हाती असलेल्या रकमेतून भागविणे शक्य नसल्याचे आढळले होते. घरभाडे, गृहकर्जाचा व मोटारीच्या कर्जाचा हप्ता, पाळणाघराचे शुल्क यांची तारीख शटडाउनसाठी थांबत नाही. सक्तीच्या रजेवरील कर्मचाऱ्यास बेकारी भत्ता मागता येतो, पण थकीत पगार मिळाल्यावर तो परत करावा लागतो. बिनपगारी काम करणाऱ्यास सर्वसाधारणपणे तोही मिळत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये संमत झालेल्या कायद्याने बंदी उठल्यावर दोन्ही गटांना थकीत वेतन देण्याची हमी दिली. तत्पूर्वी प्रत्येक वेळी त्यासाठी काँग्रेसला स्वतंत्र निर्णय घ्यावा लागे. या हमीतून एक मोठा वर्ग मात्र वगळला गेला आहे. सरकारी इमारतींची झाडलोट करणारे, पहारा देणारे, उपाहारगृहात स्वयंपाक करणारे कामगार कंत्राटदारांच्या नोकरीत असतात. कार्यालय बंद झाले की त्यांचा रोज बुडतो आणि तो पुढे कधीच भरून निघत नाही. शटडाउनचा खरा बळी शोधावयाचा झाल्यास तो या वर्गात सापडतो. सरकारी आकडेवारीत मात्र त्यांची गणना क्वचितच होते.

नागरिकांना बसणारी झळ

सामान्य नागरिकाला सरकार कधी भेटते? पारपत्र काढताना, उद्यानात फिरावयास जाताना, विमानात बसताना, कर्जाचा अर्ज करताना, बाजारातून आणलेले अन्न निर्धास्तपणे ताटात वाढताना. कामबंदीचे परिणामही याच क्रमाने जाणवतात, म्हणजे आधी गैरसोय आणि मग धोका. १९९५-९६ मध्ये पारपत्राचे सुमारे दोन लाख अर्ज पडून राहिले. २०१३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात प्रायोगिक उपचारांसाठी नवे रुग्ण दाखल करणे जवळजवळ थांबले. एरवी तेथे आठवड्याला सुमारे २०० रुग्ण येत आणि त्यांत कर्करोगग्रस्त बालकेही असत. जानेवारी २०१९ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने देशातील अन्नप्रक्रिया कारखान्यांच्या नेहमीच्या तपासण्या काही काळ स्थगित केल्या. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान पुरेशा कर्मचाऱ्यांविना खुले राहिल्याने तेथील वनस्पतींची नासधूस झाली. २०१३ मध्ये उद्याने बंद ठेवली म्हणून टीका झाली होती आणि २०१९ मध्ये उघडी ठेवली म्हणून.

विमानतळांवरील घडामोडींनी तर दोन वेळा राजकारणाला वळण दिले. २० जानेवारी २०१९ रोजी विमानतळ सुरक्षा तपासनिसांपैकी सुमारे १० टक्के अनुपस्थित होते. आदल्या वर्षी त्याच दिवशी हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. घरापासून विमानतळापर्यंतच्या इंधनाचा खर्च परवडत नसल्याचे अनेकांनी कळविले होते. २५ जानेवारी रोजी हवाई वाहतूक नियंत्रकांच्या तुटवड्यामुळे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमाने काही काळ थोपवावी लागली आणि त्याच दिवशी तात्पुरत्या तडजोडीची घोषणा झाली. २०२५ मध्ये ऑक्टोबरअखेर नियंत्रकांचा पूर्ण पगार हुकला. ७ नोव्हेंबरपासून ४० प्रमुख विमानतळांवरील उड्डाणे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आदेश निघाला. त्यानंतर आठवड्याभरात बंदी संपली.

तथापि २०२५ चा सर्वांत गंभीर परिणाम स्वयंपाकघरात दिसला. अल्प उत्पन्न कुटुंबांना दरमहा एका इलेक्ट्रॉनिक कार्डावर अन्नखरेदीसाठी रक्कम देणाऱ्या पूरक पोषण साहाय्य योजनेवर सुमारे ४ कोटी २० लाख लोक, म्हणजे दर आठ अमेरिकनांपैकी एक जण, अवलंबून होते. आधीच्या शटडाउनमध्ये ही रक्कम कशीबशी वेळेवर पोहोचली होती. २०१९ मध्ये फेब्रुवारीचा हप्ता जानेवारीतच देऊन टाकण्यात आला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र शटडाउनमुळे तो प्रथमच खंडित झाला. योजनेसाठी राखून ठेवलेला आकस्मिक निधी वापरावा की नाही, यावरून राज्ये व संघीय सरकार न्यायालयात गेली, कनिष्ठ न्यायालयांनी रक्कम देण्याचे आदेश दिले, सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली. या काळात काही राज्यांतील कुटुंबांना पूर्ण रक्कम मिळाली, काहींना अंशतः आणि काहींना मुळीच नाही. त्याच वेळी सैनिकांचे वेतन संशोधन व विकासाच्या तरतुदींतील रक्कम वळवून देण्यात आले. कोणाला पैसे पोहोचावेत आणि कोणाला नाही, याचा निर्णय अशा प्रकारे विधिमंडळाऐवजी प्रशासनाच्या हाती गेला. थैली लोकप्रतिनिधींच्या हाती राहावी म्हणून केलेल्या कायद्याचा हा परिणाम मोठा विरोधाभासी म्हणावा लागेल.

शटडाउनने पैसा वाचतो ही समजूत चुकीची आहे. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अनुमानानुसार २०१८-१९ च्या बंदीने राष्ट्रीय उत्पादन सुमारे ११ अब्ज डॉलरने घटले. त्यातील बहुतांश पुढे भरून निघाले, पण ३ अब्ज डॉलर कायमचे गेले. २०२५ मधील बंदी सहा आठवडे चालल्यास कायमची हानी सुमारे ११ अब्ज डॉलरची असेल, असे याच कार्यालयाने वर्तविले होते. न केलेल्या कामाचे वेतन शेवटी द्यावेच लागते. बुडते ते उद्यानांचे शुल्क, खोळंबलेले परवाने आणि वाया गेलेले मनुष्यदिवस. आणखी एक हानी मोजता न येणारी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कुटुंबांची रोजगार पाहणी होऊ न शकल्याने त्या महिन्याचा बेकारीचा दर प्रसिद्ध झालाच नाही. १९४८ पासून अखंड चालत आलेल्या मालिकेत पडलेली ही पहिली फट होती.

भारतातील तरुणांनाही याची झळ पोहोचते. एच-१बी व्हिसासाठी अर्ज करण्यापूर्वी नोकरी देणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या श्रम खात्याकडून वेतन व सेवाशर्तींविषयीचा अर्ज प्रमाणित करून घ्यावा लागतो. २०१३ मध्ये आणि पुन्हा १ ऑक्टोबर २०२५ पासून हे काम थांबले, त्यामुळे पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरूच्या अभियंत्यांचे नवे अर्ज पहिल्याच पायरीवर अडकले. नागरिकत्व व स्थलांतर सेवा मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालत असल्याने ती उघडी होती. पण आधीच्या खात्याचा दाखला नसताना पुढच्या खात्याचे दार उघडे असून उपयोग नव्हता.

भारतातील व्यवस्था

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६६ नुसार कायद्यानुसार असल्याखेरीज भारताच्या संचित निधीतून रक्कम काढता येत नाही, आणि अनुच्छेद ११४ नुसार त्यासाठी विनियोजन अधिनियम आवश्यक असतो. न्यायाधीशांचे वेतन, कर्जावरील व्याज यांसारख्या भारित खर्चावर अनुच्छेद ११३ नुसार मतदान होत नाही, परंतु तोही विनियोजन अधिनियमात समाविष्ट करावाच लागतो. म्हणजे तत्त्वतः ३१ मार्चच्या मध्यरात्री विनियोजन नसेल तर भारतातही खर्च थांबेल. बंधन अमेरिकेइतकेच कठोर आहे. फरक त्यानंतर काय घडते यात आहे.

अनुदानाच्या मागण्यांवर मतदान केवळ लोकसभेत होते. विनियोजन विधेयक हे धनविधेयक असल्याने राज्यसभेला ते अनुच्छेद १०९ नुसार १४ दिवसांत परत करावे लागते. ते अडवून ठेवण्याचा अधिकार तिला नाही. अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. लोकसभेने मागणी फेटाळली किंवा कपात सूचना संमत केली तर त्याचा अर्थ सरकारने विश्वास गमावला असा घेतला जातो आणि सरकारला जावे लागते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व काँग्रेस यांची मुदत ठरलेली असते. कोणीच कोणाला घरी पाठवू शकत नाही, म्हणून कर्मचारी घरी जातात. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ घरी जाते आणि कचेरी चालू राहते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील सिनेटने १९७५ मध्ये विनियोजन विधेयके रोखून धरली. ११ नोव्हेंबर रोजी गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनाच पदच्युत केले व त्याच दिवशी विधेयके संमत झाली. त्या कृतीच्या औचित्याविषयीचा वाद पुढे दीर्घकाळ चालला. पगार मात्र कोणाचा थांबला नाही.

सरकार पडल्यावर किंवा निवडणूक तोंडावर असताना पोकळी राहू नये म्हणून अनुच्छेद ११६ मध्ये लेखानुदानाची सोय आहे. पूर्ण अर्थसंकल्पाची प्रक्रिया पुरी होईपर्यंत वर्षाच्या काही भागासाठी अंदाजे रक्कम लोकसभा आगाऊ मंजूर करते. एकेकाळी दरवर्षी दोन महिन्यांचे लेखानुदान घेतले जाई. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जाऊ लागल्यानंतर एरवी त्याची गरज उरली नाही; निवडणुकीच्या वर्षी, जसे २०१९ व २०२४ मध्ये, अंतरिम अर्थसंकल्पासोबत ते घेण्यात आले. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार एका मताने पडले, तरी २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित होण्यापूर्वी सर्व पक्षांच्या सहमतीने त्या वर्षीचा अर्थसंकल्प चर्चेविना संमत करण्यात आला. सरकार पाडणाऱ्यांनीही पगार अडविला नाही.

संकटाच्या सर्वाधिक जवळ गेलेला प्रसंग केंद्रात नव्हे, तर एका राज्यात घडला. १८ मार्च २०१६ रोजी उत्तराखंड विधानसभेत विनियोजन विधेयक संमत झाले की नाही, यावरच वाद निर्माण झाला. २७ मार्चला राष्ट्रपती राजवट लागू झाली. आर्थिक वर्ष संपण्यास चार दिवस उरले होते आणि १ एप्रिलपासून राज्याच्या संचित निधीतून रक्कम काढण्यास निर्विवाद आधार नव्हता. तेव्हा केंद्राने राष्ट्रपतींच्या अध्यादेशाद्वारे उत्तराखंडसाठी लेखानुदानाची व्यवस्था केली. राष्ट्रपती राजवटीच्या वैधतेचा प्रश्न उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, मे महिन्यात विश्वासमत घेण्यात येऊन आधीचे सरकार परतले. या साऱ्या काळात राज्यातील शाळा, रुग्णालये व तहसील कचेऱ्या चालू होत्या.

या सातत्याची किंमतही नोंदविली पाहिजे. अमेरिकेत काँग्रेस एखादे खाते बंद पाडू शकते म्हणूनच तिच्या समित्यांपुढे खातेप्रमुखांना प्रत्येक रकमेचा हिशेब मांडावा लागतो. भारतात सरकारपाशी बहुमत असेपर्यंत मागण्या मंजूर होणार हे ठरलेलेच असते, आणि मुदत संपताच उरलेल्या साऱ्या मागण्या गिलोटिन पद्धतीने एकत्रितपणे मतास टाकल्या जातात. १४ मार्च २०१८ रोजी गोंधळात सर्व खात्यांच्या मागण्या व वित्त विधेयक लोकसभेत चर्चेविना संमत झाले. १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या या मागण्यांची छाननी करतात आणि २००४ पासून त्यांची संख्या २४ आहे. त्यांचे अहवाल सभागृहापुढे ठेवले जातात, मात्र त्यांतील शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

अमेरिकेतही तोडगे सुचविले गेले आहेत. विस्कॉन्सिन राज्यात नवा अर्थसंकल्प संमत होईपर्यंत जुन्याच दराने खर्च आपोआप चालू राहतो. तशीच तरतूद संघीय पातळीवर करावी अशी विधेयके काँग्रेसमध्ये अनेकदा आली आणि थैलीवरील पकड सैल होईल या भीतीने मागे पडली. त्याऐवजी एकेक गट सुरक्षित केला जातो. माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेला २००९ च्या कायद्याने एक वर्ष आगाऊ विनियोजन मिळू लागले. मूळ अमेरिकन जमातींच्या आरोग्यसेवेला तसे पहिले विनियोजन २०२४ या आर्थिक वर्षासाठी मिळाले. १२ नोव्हेंबर २०२५ च्या कायद्याने शेती खात्याला, आणि त्यासोबत अन्नसाहाय्य योजनेला, ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतची पूर्ण तरतूद दिली. इतर बहुतेक खात्यांना ३० जानेवारी २०२६ ही नवी तारीख देण्यात आली.